आबांवर लिहायला बसशील तेव्हा

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली चार पानं परवा रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. आबांच्या वर्षश्राद्धाला नातेवाइकांत वाटायला एक छोटी पुस्तिका काढायची, लिहायचं तू आणि नजर टाकायची मी, असं ठरलंय. ‘शूर सैनिक’, ‘निष्णात अभियंता’, ‘प्रेमळ आजोबा’ हे तिन्ही शब्द पहिल्याच परिच्छेदात आलेत आणि त्यातला एकही खोटा नाही. तरी चार पानं संपली तेव्हा आबा, म्हणजे माझे सुभेदार, मला कुठे भेटले नाहीत. हीच पानं दुसऱ्या कुणाच्या आजोबांच्या फोटोखाली छापली असती तरी खपून गेली असती. हे वाचून तुला वाईट वाटेल, माहीत आहे. पण तू आबांची नात आहेस आणि आता स्वतः साइटवर उभी राहतेस, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितोय.

त्यांनी मला काय शिकवलं ते आधी सांगतो, म्हणजे तुझ्याकडून मला काय हवंय ते कळेल.

१९९२ साल. डिप्लोमा करून मी कोकण रेल्वेच्या कामावर रत्नागिरीजवळ एका ठेकेदाराकडे लागलो होतो, वय बावीस. तुझे आबा तिथे माझे वरिष्ठ. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती, पण सगळी साइट त्यांना सुभेदारच म्हणायची. या रेल्वेचं काम तू एका ओळीत उरकलंयस. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, ९१ बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरात पूल. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल लोकांना ठाऊक असतो. आम्ही होतो ते उरलेल्यांवर, ज्यांना नाव नसतं, नुसता नंबर असतो. पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस झेलणारा मुलूख. काल कापलेली दरड आज रस्त्यावर, अशी रोजची गत.

ऑगस्ट होता. एका लहान पुलाच्या पायासाठी मला लेव्हल घ्यायला, म्हणजे उंची मोजायला, पाठवलं होतं. तुझ्या टोटल स्टेशनवर, त्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर, हे काम आता किती वेळात होतं! तेव्हा लेव्हल म्हणजे दुर्बीण, स्टाफ म्हणजे आकडे लिहिलेली उभी पट्टी आणि छत्री धरायला एक पोरगा. बेंचमार्कवरून, म्हणजे उंची पक्की माहीत असलेल्या खुणेवरून, निघायचं, रीडिंग घेत घेत पायापर्यंत जायचं आणि तसंच परत फिरून बेंचमार्कवर बंद करायचं. सुरुवात आणि शेवट किती जुळतात त्यावर कामाचा भरवसा, त्यातला फरक म्हणजे क्लोजिंग एरर. जाताना सगळं ठीक झालं. परत फिरताना धुकं उतरलं, स्टाफवरचे आकडे दिसेनात, अंधार पडायला आला. परतीची रीडिंग मी घेतलीच नाहीत. रात्री खोलीवर बसून, हिशेबाने जुळतील अशी लिहून काढली.

सकाळी सुभेदारांनी लेव्हल बुक उघडलं. मिनिटभर पान पाहिलं आणि विचारलं, “क्लोजिंग एरर शून्य?”

मी हो म्हणालो.

“या पावसात, या डोंगरात, शून्य?”

मग त्यांनी पानावरून अंगठा फिरवला. जातानाची पानं भिजून फुगलेली, पेन्सिल पसरलेली. परतीचं पान कोरडं, स्वच्छ. त्यांना पुढे काही विचारावं लागलं नाही आणि मला काही सांगावं लागलं नाही.

ते ओरडले नाहीत. “चल,” एवढंच म्हणाले. छत्री त्यांनी धरली, रीडिंग मी घेतली, दुपारपर्यंत सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. आदल्या दिवशी जाताना ज्या एका दगडावर स्टाफ ठेवला होता, तो चिखलात खाली बसत गेला होता. पायाची लेव्हल ३८ मिलीमीटरने चुकली होती. दुसऱ्या दिवशी त्यावर काँक्रीट पडणार होतं.

मी घाईघाईने रबर काढलं. त्यांनी माझं मनगट धरलं. “रबर नको. एक रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिही, बाजूला तारीख घाल आणि सही कर.” आणि बुक परत देताना म्हणाले, “घेतलं नाहीस ते रीडिंग लिहू नकोस. पान कोरं राहिलं तर राहू दे, मी काही म्हणणार नाही.”

तेहेतीस-चौतीस वर्षं झाली. तो हात मनगटावर अजून जाणवतो.

बाळ, तुझ्या चार पानांत न घेतलेली रीडिंग पुष्कळ आहेत.

तू लिहिलंस, ‘१९७१ च्या युद्धात गोळ्यांच्या वर्षावात प्राणांची बाजी लावून आबांनी शत्रूचे भूसुरुंग निकामी केले.’ हे तुला कुणी सांगितलं? आबांनी तर नक्कीच नाही. पाच वर्षं आम्ही एका ताटात जेवलो, ७१ वर त्यांच्या तोंडून मी जे ऐकलं ते एका पोस्टकार्डावर मावेल. शकरगडच्या आघाडीवर होते. डिसेंबरची थंडी. रात्री सुरुंगक्षेत्रातून रणगाड्यांसाठी वाट काढायची, जमिनीत प्रॉडर, म्हणजे सुरुंग शोधायची टोकदार सळई, तिरका खुपसत, बोटाबोटाने पुढे सरकत, आणि मोकळ्या झालेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत अंथरत जायचं. बोटं बधिर झाली की टोकाला दगड लागतोय की लोखंड ते कळेनासं होतं, म्हणून आळीपाळीने एकेक हात काखेत घालून ऊब द्यायची. हे सांगताना त्यांनी जेवणाच्या ताटासमोर उजवा हात खरोखर काखेत घातला होता. मी विचारलं, “मग?” ते उठले आणि शटरिंग बघायला गेले. रात्रीचे नऊ वाजले होते, बघायला शटरिंग काहीच नव्हतं.

एवढंच लिही. काखेतला हात लिही आणि ते उठून गेले तेही लिही. त्याच आघाडीवर बसंतर नदीपाशी १५-१६ डिसेंबरच्या रात्री, वाट पुरती मोकळी व्हायच्या आतच पूना हॉर्सचे रणगाडे सुरुंगक्षेत्रातून पलीकडे गेले, १६ तारखेला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल तिथे धारातीर्थी पडले. हा इतिहास छापलेला आहे, हवा तर संदर्भाला घे. पण आबांना उचलून त्या वाटेवर नेऊन उभं करू नकोस. जे त्यांनी पन्नास वर्षं उघडलं नाही ते आपण आपल्या शब्दांनी भरून टाकलं, तर त्यांच्या गप्प राहण्याचा मान राहत नाही. मला हे फार मनापासून वाटतं.

शौर्याबद्दल मात्र ते बोलायचे, ते दुसऱ्यांच्या. एकदा मी क्रेनवाल्यावर लांबून आरडाओरडा करत होतो. सुभेदारांनी मला बाजूला घेतलं आणि मेजर रामा राघोबा राणे यांची गोष्ट सांगितली. राणे कारवारकडचे, चेंडियाचे, आबांच्याच बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे फौजेच्या अभियंता दलाचे. एप्रिल १९४८, नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता, ठिकठिकाणी सुरुंग आणि आडवी टाकलेली झाडं, वरून मशीनगन. तेव्हा सेकंड लेफ्टनंट असलेले राणे आधीच जखमी झालेले. तरी ते हळू सरकणाऱ्या रणगाड्याच्या पोटाखालून रांगत गेले आणि आतल्या चालकाला दोरी ओढून इशारे देत राहिले. थांब, चल, असं सगळं दोरीवर. परमवीरचक्र मिळालं. आबांना त्यातलं काय भावलं होतं ठाऊक आहे? दोरी. “तोफा चालू असताना चालकाला हाक ऐकू येत नसते. त्यांनी आधी ते ओळखलं. तू उगाच घसा फोडतोयस, हाताने इशारा कर.” ही गोष्ट तुझ्या पुस्तिकेत हवी. आबा शूर होते असं दहा वेळा लिहून जे कळणार नाही, ते त्यांना कोण शूर वाटायचं यातून कळेल.

आता तुझं काम. आजीला विचारून कपाटातला तो चपटा पत्र्याचा डबा काढ. पदकं नुसती फोटोसाठी मांडू नकोस, कडा आणि मागची बाजू वाच. भिंग लागेल. कडेवर किंवा मागच्या बाजूला नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, आणि हुद्दा त्या त्या वेळचा असतो. समर सेवा स्टार ६५ चा, पश्चिमी स्टार ७१ च्या पश्चिम आघाडीचा. फितींचे रंग उडालेत, त्या बदलायचा मोह होईल, बदलू नकोस. डिस्चार्ज बुकात भरतीची तारीख, युनिटं, कोर्स सगळं सापडेल. त्यातला दापोडीच्या सीएमईतला, म्हणजे फौजेच्या अभियांत्रिकी कॉलेजातला, कोर्स नीट बघ. तू ‘निष्णात अभियंता’ लिहून मोकळी झालीस, पण माणदेशातला एक मॅट्रिक झालेला पोरगा १९५९ साली खडकीला सॅपर म्हणून भरती होतो आणि फौज त्याला बांधकाम शिकवते, हे कुठेच आलं नाही. त्यांच्याकडे डिग्री नव्हती. ड्रॉइंगवर सही करायची वेळ आली की ते कागद माझ्यासारख्या कालच्या पोराकडे सरकवायचे आणि म्हणायचे, “कागदावर इंजिनिअर तू आहेस.” ते त्यांना लागायचं. तूही ते झाकू नकोस. तुझ्या इंजिनिअरिंगच्या निकालाच्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे का वाटले, ते त्याशिवाय वाचणाऱ्याला कळायचं नाही.

आणि पानशेत! पानशेतचं नावही तुझ्या मसुद्यात नाही, याचं मला सगळ्यात आश्चर्य वाटलं. यावर ते मोकळं बोलायचे.

नोकरीला दोन वर्षं झालेली. जुलै १९६१. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण अजून पुरं व्हायचं होतं आणि पाणी चढत चाललेलं. भराव एका जागी खचायला लागला तसं फौजेला बोलावणं गेलं. ११ जुलैची रात्र त्यांनी त्या भरावावर काढली. वाळूची पोती, हातोहात, अंधारात रांग लावून. आबा म्हणायचे, कोरडं पोतं आणि भिजलेलं पोतं यातला फरक त्या रात्री खांद्याला कळला. कुणी कुणाचं तोंड बघत नव्हतं, फक्त शेजारच्याचे हात दिसायचे. पोती रचली की पुन्हा खचायची, पुन्हा रचायची. १२ तारखेच्या सकाळी धरण फुटलं. ज्या खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसवले होते, ते धरणही त्याच दिवशी गेलं आणि मुठेने पुण्याच्या पेठा धुऊन नेल्या. पण तेव्हा दिवस होता. माणसं जागी होती, धावू शकली. लोंढा रात्री झोपेत आला असता तर काय झालं असतं, हे जुने पुणेकर आजही बोलून दाखवतात.

मी एकदा आबांना म्हणालो, “म्हणजे तुम्ही पुणं वाचवलंत.” त्यांनी मान हलवली. “धरण गेलं. आम्ही फक्त रात्र काढून दिली.” हे वाक्य जसंच्या तसं घे, एक अक्षर बदलू नकोस.

आता यातली गंमत बघ. तुझी आजी तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि कसब्यात राहायची. त्या दिवशी तीही धावली असणार. कुठे गेली, कुणाचा हात धरला होता, घरातलं काय काय वाहून गेलं, हे तिला कुणी विचारलंय? तुझ्या मसुद्यात ती एकदाच येते, ‘सुविद्य पत्नी’ म्हणून. ज्या माणसाने ती रात्र काढून दिली त्याच्याशी सात वर्षांनी तिचं लग्न झालं, आणि ही गोष्ट घरात कधी निघाली, कुणी काढली, आबा तेव्हा काय म्हणाले, हे सांगू शकणारी आता ती एकटी आहे. ऐंशी वर्षांची आहे बाळ. पुस्तिकेच्या कागदाचे नमुने नंतर बघ. आधी तिच्यापाशी जाऊन बस. फोन समोर धरून रेकॉर्डिंग लावू नकोस, ती जपून बोलायला लागेल. भाजी निवडायला घे आणि विचार.

बाबांशी बोलणं कठीण जाईल. तरी बोल. ७१ च्या नोव्हेंबरात जन्मलेल्या मुलाला आबांनी पहिल्यांदा पाहिलं ते पुढच्या उन्हाळ्यात. युद्ध डिसेंबरात थांबलं, पण पेरलेले सुरुंग शेतांत तसेच होते आणि ते काढायला हीच माणसं मागे राहिली. त्यानंतरही बाबांच्या शाळेच्या वर्षांत आबा सुट्टीपुरते यायचे. आले की शिस्त लावायचे. एकदा वहीतल्या खाडाखोडीवरून त्यांनी बाबांना जेवणावरून उठवलं होतं, हे खुद्द आबांनी मला सांगितलं आणि सांगताना त्यांचा आवाज बसला होता. माझ्या वाट्याला जे मनगट धरणारे सुभेदार आले ते बाबांच्या वाट्याला आले नव्हते. बाबांना हे छापायचं नसेल तर सोडून दे, तो त्यांचा हक्क आहे. पण निदान तू ते ऐकून घे. नाहीतर तुला शाळेतून आणायला जाणारे, घंटेच्या आधी वीस मिनिटं फाटकाशी उभे राहणारे आबा तुला कळायचे नाहीत. सेवानिवृत्त माणसाला वेळच वेळ असतो म्हणून ते लवकर जातात, असं घरात म्हटलं जायचं. मला तसं वाटत नाही. एका मुलासाठी ज्या फाटकाशी आपण कधी उभे राहिलो नाही, तिथे ते जाऊन उभे राहत होते.

तुझ्यापुरतं तरी ‘प्रेमळ’ हा शब्द न वापरता लिहून बघ. परकराच्या नाडीवर त्यांनी तुला क्लोव्ह हिच आणि रीफ नॉट या गाठी शिकवल्या होत्या, तू सहा-सात वर्षांची होतीस आणि घरातल्या प्रत्येक दाराच्या कडीला काहीतरी बांधलेलं असायचं. २०१८ ला तुला घेऊन ते मुंबईला गेले होते, आठवतंय? आदल्या वर्षी २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, आणि नवा पादचारी पूल बॉम्बे सॅपर्सने उभा केला. परत आल्यावर तूच मला सांगितलं होतंस की आबा गर्दीच्या वेळी पुलाच्या मध्यावर थांबले, कठड्यावर तळहात टेकून डोळे मिटून उभे राहिले, लोक धक्के मारत होते आणि तुला लाज वाटत होती. ती लाजही लिही. आज त्यांच्या हाताला तिथे काय कळत होतं ते तुला समजतं, अठराव्या वर्षी समजत नव्हतं. दोन्ही खरं आहे.

शेवटचं त्यांच्याशी लांबलचक बोलणं झालं ते वायनाडच्या वेळी. ३० जुलै २०२४ ला दरड कोसळली आणि १ ऑगस्टला चुरलमलाला १९० फुटांचा बेली ब्रिज, म्हणजे सुटे भाग जोडून उभारायचा लोखंडी पूल, उभा राहिला. मद्रास सॅपर्सचं काम, पण फोटोतल्या मेजर सीता शेळके आपल्या पारनेर तालुक्यातल्या. सुभेदारांनी मला स्वतःहून फोन केला, चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. एक पॅनल अडीचशे किलोच्या वर, सहा जणांनी मिळून उचलायचं, कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून उठायचं, हे मला त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. मग म्हणाले, “आमच्या पोरीला दाखवलं मी टीव्हीवर. बघत होती.” आमची पोरगी म्हणजे तू. तू तेव्हा काय म्हणालीस ते मला ठाऊक नाही, पुस्तिकेत वाचायला मिळालं तर बरं वाटेल.

जिथे काही सापडणार नाही तिथे ओळ कोरी सोड. एखादी गोष्ट आजी एक सांगेल आणि बाबा दुसरी, तर दोन्ही लिही आणि कुणी सांगितली ते लिही. आधीचा मसुदा फाडू नकोस, जपून ठेव.

एक काम मात्र आजच कर. दिवाळीआधी दिघीच्या घराला रंग द्यायचा म्हणालीस. स्वयंपाकघराच्या दाराची डावी चौकट. तुझ्या डोक्यावर स्पिरिट लेव्हल आडवी धरून, बुडबुडा मध्ये आला की पेन्सिलने रेघ मारायची आणि पुढे तारीख घालायची, असं ते दर वाढदिवसाला करायचे. खालून चौथ्या की पाचव्या रेघेवर एक काट आहे. तू टाचा उचलल्या होत्यास, ते त्यांच्या नंतर लक्षात आलं. जुनी रेघ तशीच ठेवून तिच्यावर एकच आडवी रेघ मारली, खाली खरी उंची लिहिली आणि बाजूला बारीक सही केली. रंगाऱ्याला सांग, त्या चौकटीला हात लावायचा नाही. रविवारी सकाळी मी येतोय, टेप घेऊन. सगळी मापं उतरवून घेऊ.

तुझा,
काका